घंटेची आतली बाजू

१

विजयादशमीच्या सकाळी सुप्रभाने स्टाफरूममधलं लोखंडी कपाट उघडायला घेतलं. कुलपाच्या भोकावर कालच्या पूजेचं गंध वाळून घट्ट बसलं होतं, ते तिने नखाने खरवडून काढलं, किल्ली फिरवली आणि दार ओढलं. खडूंची खोकी होती. जुन्या उत्तरपत्रिका होत्या. पूजेच्या समया गुंडाळायची फडकी होती. खालच्या खणात निळ्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं असायला हवं होतं, ते नव्हतं.

आता एक गाठोडं गेलं तर एवढं काय आभाळ कोसळलं, असं कोणीही म्हणेल. म्हणून आधी ते गाठोडं काय होतं ते सांगायला हवं.

सुप्रभा तंजावूरच्या त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. राहायची राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे अजूनही दोन घरं सोडून तिसऱ्या घरात मराठी ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी ती गाइडांना विटली. मुलं गाइडातली पानं पाठ करत, परीक्षेत ओकत आणि बाहेर पडून विसरत. तेव्हा बाई पदर खोचून एकेका विभागाच्या दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, तुमच्या विषयातला माणूस लिहायला बसतो तेव्हा नेमकं काय करतो? सुरुवातीला सगळे हसले. मग विचारात पडले. मग भांडले. आणि त्या भांडणातून प्रत्येक विषयाचं स्वतःचं लेखनकाम तयार झालं.

वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी भाताच्या एकाच रोपापाशी महिनाभर रोज जायचं आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. 'बहुतेक' हा शब्द बंद. भौतिकशास्त्राच्या मुलांनी एक प्रयोग असा लिहायचा की खेड्यातल्या चुलतभावाला तो वाचून, काही न विचारता, तसाच्या तसा करता यावा. वाणिज्यवाल्यांनी आपल्या गल्लीतल्या दुकानदाराला सल्ला द्यायचा, एसटीडी बूथ टाकावा की नाही. गिऱ्हाईक सांभाळत वाचेल आणि निर्णय घेईल अशा एका पानात. इतिहासाच्या मुलांनी रोज डोळ्यांसमोर असलेली एक वस्तू घ्यायची आणि तिच्याबद्दल जे जे सांगतात त्याला दोन प्रश्न विचारायचे: कोण म्हणतं, आणि त्याला कसं ठाऊक?

मुलांनी लिहिलं. आणि काय लिहिलं म्हणता! ज्यांना चार ओळी लिहिताना घाम फुटायचा त्यांची पानं वाचताना सुप्रभाचा ऊर भरून यायचा, आणि ती ते लपवायचीही नाही. त्यातली निवडक पानं त्या गाठोड्यात होती. वाळवलेल्या लोंब्या चिकटवलेल्या, हाताने आकृत्या काढलेल्या. झेरॉक्स काढून ठेवा असं प्रिन्सिपॉल सूर्यनारायण हजारदा म्हणाले होते. पण समितीने माझ्या मुलांचं अस्सल अक्षर बघायला हवं, हा बाईंचा हट्ट.

कारण उद्या सकाळी स्वायत्तता समिती येणार होती. समितीचं मन भरलं तर कॉलेज आपली प्रश्नपत्रिका आपण काढणार आणि या लेखनाला गुण मिळणार. नाही भरलं तर पुन्हा विद्यापीठाची जुनी प्रश्नपत्रिका आणि पुन्हा गाइडं. पुराव्याला पानं नसतील तर हा उद्योग याच वर्षी बंद, असं प्रिन्सिपॉलांनी आधीच बजावलं होतं.

अष्टमीच्या दुपारी सुप्रभाने शेवटचा निबंध त्यात घातला होता. इतिहासाची विद्यार्थिनी वाणी तो धापा टाकत घेऊन आली होती, सोबत पातळ कागदावर कोळशाने घेतलेला एक ठसा. विषय, कॉलेजची घंटा. सुट्टीत निवांत वाचू म्हणून सुप्रभाने तो न वाचताच आत ठेवला, गाठ मारली, कुलूप लावलं. वाणी तिथूनच तिरुवैयारूकडची बस पकडायला पळाली. आणि आता खण रिकामा होता.

२

सूर्यनारायण साहेबांनी बातमी ऐकली आणि टंबलरमधली कॉफी तशीच राहू दिली. त्यांच्यालेखी चोर ठरल्यातच जमा होता. काल दुपारी पूजा आटोपून, प्रसादाच्या सुंडलाचे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण रिकामे करून सगळे घरी गेल्यावर वाणिज्य विभागात शिकवणारी नंदिता एकटीच स्टाफरूममधून बाहेर पडताना वॉचमनने पाहिली होती. नंदिताला त्रिचीच्या एका नव्या कॉम्प्युटर संस्थेत नोकरी लागत होती. शिवाय गाठोड्याच्या पहिल्या पानावर आपलं नाव नाही म्हणून ती सुप्रभाशी मोठ्या आवाजात भांडलीही होती, आणि ते साऱ्या कॉलेजने ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गाठोडं मिळालं नाही तर तिला मेमो द्यायचा, असं साहेब म्हणाले.

कपाटाची किल्ली साहेबांच्याच खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. ज्याला हवी त्याने न्यावी, परत आणून अडकवावी. त्यामुळे किल्ली कोणाच्या हातात होती हे विचारण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात सीतारामराव आले. इतिहासाचे प्रमुख, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, सुप्रभाचे स्वतःचे गुरू. कॉलेजची सरस्वतीपूजा वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची. पुस्तकं ते मांडणार, मुहूर्त ते काढणार. कॉलेजात कोणी पाहुणा आला की त्याला व्हरांड्यातल्या घंटेपाशी नेऊन, ही आमच्या राजवाड्याने दिलेली, असं सांगायचा मानही त्यांचाच. त्यांनी या विषयावर एक पुस्तिकाही छापली होती. आत्ताही ते फळ्यावर सूचना लिहूनच आले होते: पुनःपूजा उद्या दुपारी, तोवर ग्रंथालयातल्या पूजेला कोणी हात लावू नये. पुनःपूजा झाली की मगच मांडलेली पुस्तकं उचलून पुन्हा वाचायची, अशी रीत.

सुप्रभाचा चेहरा पाहून ते तिच्याजवळ बसले. राजवाड्याच्या गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलतात त्या जुन्या वळणाच्या मराठीत त्यांनी तिची समजूत काढली.

"रडूं नको, सुप्रभे. पानं गेली तरी तूं शिकवलेलं कुठे जातंय? मुलं पुन्हा लिहितील. त्या पोरीचा कोळशाचा ठसा मात्र गेला ह्याचं वाईट वाटतं. घंटेत हात घालून काढायचा म्हणजे चेष्टा नव्हे."

सुप्रभाला त्या मायेनेच रडू आलं. डोळे पुसून ती उठली. संध्याकाळपर्यंत वेळ होता. पोलिसी काम तिला येत नव्हतं. मग तिने ठरवलं, जे मुलांना करायला लावलं तेच आपण करायचं. दिसेल तेवढंच बघायचं, जमेल ते पुन्हा करून बघायचं, आणि ऐकू येईल त्याला ते दोन प्रश्न विचारायचे.

३

नंदिता आपल्या खोलीवर सामान बांधत होती. सुप्रभाला पाहून तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. संशय आपल्यावर आहे हे तिला कळलं होतं.

काल दुपारी स्टाफरूममध्ये कशाला गेली होतीस, असं सुप्रभाने सरळ विचारलं. नंदिताने तितकंच सरळ उत्तर दिलं. अष्टमीच्या दुपारीच ती त्रिचीला घरी गेली होती. काल दुपारच्या बसने आली. नव्या नोकरीच्या होकाराचा कागद तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, तो घ्यायला गेली. घेतला आणि निघाली.

"सही केली का त्यावर?"

"काल?" नंदिता पहिल्यांदा हसली. "मॅडम, सरस्वतीपूजेला लेखणी उचलायची नसते, मी धोब्याचा हिशेबसुद्धा लिहीत नाही. सही आज सकाळी करणार होते. आता तुम्ही आलात."

मग ती चिडून आणखी बरंच बोलली. नाव नाही म्हणून ती भांडली हे खरं, आणि अजूनही भांडेल. पण एसटीडी बूथवाल्या पानांतली दोन पानं वाचून तिच्या गल्लीतल्या खऱ्याखुऱ्या दुकानदाराने बूथ टाकला होता. ती पानं पळवायला तिला वेड लागलं होतं का?

सुप्रभा ऐकत होती, पण तिची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली. नखात अजून पिवळसर गंध अडकलं होतं.

काल सकाळी पूजेच्या वेळी कॉलेजातल्या साऱ्या यंत्रांना, टाइपरायटरांना, कपाटांना आणि कुलपांना गंध-कुंकू लागलं होतं. दरवर्षी लागतं. ते गंध कुलपाच्या भोकावर आज सकाळपर्यंत अखंड होतं, कारण तिनेच ते खरवडलं. म्हणजे पूजेनंतर ते कुलूप कोणीही उघडलेलं नाही. नंदिता आली ती पूजेनंतर.

सुप्रभाने तिथल्या तिथे तिची माफी मागितली. नंदिताने ती घेतली आणि मगच कॉफी विचारली. पण कॉफीचा घोट घेताना सुप्रभा मनात पुढचा हिशेब मांडत होती. गाठोडं पूजेच्या आधी गेलं असेल तर ते अष्टमीच्या संध्याकाळी गेलं; पूजेच्या सकाळी स्टाफरूममध्ये सगळ्यांचा राबता होता. आणि त्या संध्याकाळी पूजेच्या तयारीला कॉलेजात होते ते सगळे विभागप्रमुख.

४

प्रमुखांमध्ये या लेखनाचा उघड वैरी एकच होता. भौतिकशास्त्राचे जयतीर्थ. लिहिणं हा आर्ट्सवाल्यांचा धंदा, आमची मुलं मोजतात, असं ते स्टाफ मीटिंगमध्ये म्हणायचे, तेही सुप्रभाकडे बघून. ती त्यांच्या घरी पोचली तेव्हा ते ओसरीत बसून स्कूटरचा कार्बोरेटर साफ करत होते.

गाठोड्याचं ऐकून त्यांनी कार्बोरेटर खाली ठेवला. मग त्यांनी एक गोष्ट कबूल केली, आणि ती कबूल करणं त्यांना जड जात होतं हे दिसत होतं. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाने लंबकाचा प्रयोग लिहिला होता. जयतीर्थांनी गंमत म्हणून तो खरोखर त्यांच्या चुलतभावाला पाठवला, तो शेती करतो. भावाने वाचून नारळाच्या सुंभाला दगड बांधला आणि उत्तर काढून पाठवलं, जवळजवळ बरोबर. तेव्हापासून त्यांचं बोलणं जरा मवाळ झालं होतं, फक्त ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"पण माझ्यावर राग सीतारामरावांचाही आहे," ते म्हणाले. "तुमची बाजू घेऊन माझा अपमान केला त्यांनी."

"कसला अपमान?"

"पूजेला दर विभागाचं एक पुस्तक जातं. मी दरवर्षी तेच जाडं पुस्तक देतो. यंदा त्यांनी परत पाठवलं. म्हणे जागा नाही."

सुप्रभाने विचारलं, बाक बदलला का? नाही, तोच. विभाग वाढले का? नाही. कोणी यंदा जास्त पुस्तकं दिली? कोण देतंय. पुस्तकांवर घालायचं रेशमी वस्त्र लहान पडलं असेल? तेही तेच, स्टाफरूमच्या कपाटातलं. जयतीर्थ प्रत्येक उत्तराबरोबर जास्तच चिडत गेले, कारण त्यांनाही आता तो अपमान पुराव्यानिशी सिद्ध होताना दिसत होता.

सुप्रभा मात्र ओसरीच्या पायरीवर बसली. तोच बाक, तितकीच पुस्तकं, तेच वस्त्र, आणि यंदा जागा पुरली नाही. वस्त्र कपाटात असतं. ते काढायला अष्टमीच्या संध्याकाळी कपाट कोणी उघडलं, हे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. ते दरवर्षी एकच माणूस काढतो.

नाही, तिने स्वतःला सांगितलं. हे काहीतरीच.

५

घरी शेषम्मा, म्हणजे सुप्रभाची आत्या, पानं वाढून वाट बघत होती. आत्याला कॉलेजातलं राजकारण कळत नसे आणि कळून घ्यायचीही तिला हौस नव्हती. तिला कोलूवरच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या कधी उतरवायच्या याची काळजी होती.

"तुमची पुनःपूजा झाली?" तिने सांबार वाढत विचारलं.

उद्या दुपारी आहे, सुप्रभा म्हणाली.

आत्याचा हात थांबला. "उद्या? दशमी आज. आपण सकाळीच पुस्तक उघडून दोन ओळी वाचल्या. अख्ख्या गल्लीनं वाचल्या. उद्या म्हणून कोण म्हणतो? आणि त्याला कसं ठाऊक?"

सुप्रभाचा घास हातातच राहिला. तिचेच दोन प्रश्न, मुलांना शिकवलेले, आत्याच्या तोंडून आले होते. आणि ते ज्याला विचारायला हवेत त्या माणसाला विचारायचं तिने सकाळपासून टाळलं होतं.

उद्या दुपारी म्हणजे समिती निघून गेल्यावर. तोवर पूजेला कोणी हात लावू नये. आज सकाळपासून शिपायांनी ग्रंथालयाची कपाटं, प्रयोगशाळा, अडगळीची खोली, सगळं उलथंपालथं केलं होतं. पूजेचं रेशीम उचलून बघायचं मात्र एकाच्याही मनात आलं नाही. तिच्याही नाही. तिथे मांडलेल्या पुस्तकाला पुनःपूजेआधी कोण हात लावणार? कोणी बाहेरचा असता तर त्याने पहिल्यांदा तिथेच बघितलं असतं.

आणि सकाळी कानावर आलेला तो कोळशाचा ठसा? वाणीने तो शेवटच्या दुपारी दिला, सुप्रभाने तो गाठोड्यात घातला, मुलगी बसला पळाली. गाठ सोडल्याशिवाय तो कोणाला दिसलाच नसता.

ताट तसंच ठेवून ती उठली. आत्या मागून काहीतरी बोलत राहिली.

६

ग्रंथालयाच्या मोठ्या खोलीत सीतारामराव एकटेच होते. समया विझल्या होत्या. बाकावर सरस्वतीची तसबीर, खाली रेशमी वस्त्राने झाकलेली पुस्तकं. सुप्रभा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. विद्यार्थिनी असताना बसायची तशीच.

तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. कुलपावरचं गंध, म्हणून पूजेच्या आधी. परत आलेलं पुस्तक, म्हणून रेशमाखाली काहीतरी जास्तीचं. उद्यावर गेलेली पुनःपूजा, म्हणून समिती जाईपर्यंत. आणि सकाळी बोललेलं ते कोळशाच्या ठशाचं वाक्य.

"माझं चुकत असेल तर सांगा, सर. मी वस्त्राला हात लावलेला नाही. लावणारही नाही."

म्हाताऱ्याने तसबिरीवरचा कललेला हार सरळ केला.

"चुकत नाही," तो म्हणाला. "तूं शिकवलेलं बरोबर वापरलंस."

मग त्यांनी सांगितलं. अष्टमीच्या संध्याकाळी रेशीम काढायला कपाट उघडलं. गाठोडं दिसलं. वाणी घंटेत टॉर्च घालून काहीतरी बघते हे त्यांच्या कानावर होतं, म्हणून गाठ सोडली. तिचा निबंध तिथेच उभ्याने वाचला. समितीसमोर, सगळ्या कॉलेजसमोर, त्यांनी आयुष्यभर सांगितलेली गोष्ट खोटी ठरणार होती. निवृत्तीला वर्ष उरलं असताना.

"समिती गेली की परत ठेवणार होतो. देवी साक्ष आहे."

"वाणीचा निबंध तेवढा काढून फाडून टाकला असता तर कोणाला कळलंही नसतं," सुप्रभा म्हणाली. "मी तो वाचलासुद्धा नव्हता."

सीतारामरावांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला बोलल्याची लाज वाटली. "अक्षर आहे ते. आणि खरं आहे. फाडतो कसा?"

सुप्रभाला राग आला होता, सकाळपासून पोटात साठलेला. नंदिताला मेमो मिळाला असता. वाणीची मेहनत कोणी पाहिली नसती. हे सगळं ती त्यांना बोलली, एकही शब्द गिळला नाही, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं. पण त्या रागाखाली दुसरंही काही होतं. या माणसाने, मान जात असताना, एका मुलीच्या पानाला खरं म्हटलं होतं.

"दशमी आज आहे, सर," ती उठत म्हणाली. "पुनःपूजा आज करू. मी सगळ्यांना बोलावते. पुढचं तुम्ही ठरवा."

तासाभरात खोली भरली. प्रिन्सिपॉल आले, जयतीर्थ हाताचं ग्रीस पुसत आले, नंदिता आली आणि दाराशी उभी राहिली. सीतारामरावांनी समई लावली, आरती केली, आणि रेशीम बाजूला केलं. पुस्तकांच्या मधोमध निळं गाठोडं होतं.

प्रिन्सिपॉल काही बोलणार तोच सीतारामराव म्हणाले, "मी ठेवलं. कारण आत्ता ऐकाल." पुनःपूजेला पहिलं पान ज्याच्या हाती येईल त्याने ते मोठ्याने वाचायचं असतं. त्यांनी गाठ सोडली, नेमका वाणीचा निबंध काढला आणि वाचायला लागले.

वाणीने लिहिलं होतं: घंटा राजवाड्याने दिली असं सांगतात. कोण सांगतं? आमचे सर. त्यांना कसं ठाऊक? त्यांच्या सरांनी सांगितलं. त्यांना कोणी सांगितलं ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मी घंटेला विचारायचं ठरवलं. बाहेरून तिच्यावर राजचिन्ह नाही. आतून, जिथे कोणी बघत नाही, तिथे तमिळमध्ये गावांची नावं कोरलेली आहेत. त्यांतलं एक माझं गाव आहे. आमच्या गावातल्या भामा आजींना मी विचारलं. त्या लहान असताना कॉलेज निघालं तेव्हा कॉलेजकडे घंटेला पैसे नव्हते. मग कालव्याकाठच्या गावांतल्या बायकांनी घरातली फुटकी पितळेची, काशाची भांडी दिली. भामा आजींच्या आईने तळ फुटलेला हंडा दिला. ओतणाऱ्याने सगळं वितळवून घंटा केली. नावं आत का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिलेलं मिरवायचं नसतं, पण विसरायचंही नसतं. मी हे एकाच माणसाच्या सांगण्यावर लिहीत नाही. ठशातल्या तीन गावांत जाऊन विचारलं. तिन्हीकडे भांड्यांचीच गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक गाव आपलं भांडं सगळ्यांत मोठं होतं असं म्हणतं.

खोलीत कोणीतरी हसलं. सीतारामरावांचाही आवाज शेवटी हसरा झाला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुप्रभा भिंतीला टेकून उभी होती. आपल्या प्रश्नाचं एवढं मोठं उत्तर येईल असं तिला प्रश्न काढताना वाटलं नव्हतं. तिला इतका अभिमान वाटला की पुढची दोन वाक्यं तिला ऐकूच आली नाहीत.

७

समिती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. निळं गाठोडं टेबलावर उघडं होतं, आणि पहिल्या पानावर नंदिताचं नावही होतं, तिनेच ते ठळक अक्षरात लिहिलं. ती पुढे त्रिचीला गेलीच. पण ती पानं कशी लिहून घेतली हे समितीला समजावून देऊन मगच गेली. जयतीर्थांनी सुंभ आणि दगडाचा लंबक सगळ्यांसमोर टांगून दाखवला. मंजुरीचं पत्र संक्रांतीला, पोंगलच्या सुमारास आलं. गाइडवाल्या दुकानदाराने सुप्रभाला नमस्कार करणं सोडलं, ते तिने पत्राइतक्याच आवडीने घरी सांगितलं.

पण तिच्या मनात राहिलं ते त्या दिवशीचं दुपारचं. समितीच्या अध्यक्षबाई निघता निघता व्हरांड्यात घंटेपाशी थांबल्या. त्यांनी सीतारामरावांची पुस्तिका वाचली होती. राजवाड्याची घंटा ती हीच का, असं त्यांनी विचारलं. सारं कॉलेज गोळा झालं होतं.

"पुस्तिका चुकली," सीतारामराव म्हणाले. "कोणी दिली ते आत लिहिलंय. मी कधी आत बघितलं नाही."

त्यांनी वाणीला हाक मारली. ती घाबरत पुढे आली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात टॉर्च. अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला, वाकल्या, आणि त्यांचं डोकं घंटेत दिसेनासं झालं. वाणी बाहेरून एकेक गावाचं नाव सांगत गेली. आपल्या गावापाशी तिचा आवाज जरा मोठा झाला. अध्यक्षबाई आतून प्रत्येक नावाला हो म्हणत होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांना धूळ लागली होती. ही तुमची विद्यार्थिनी का, असं त्यांनी सीतारामरावांना विचारलं.

सीतारामरावांनी नाही म्हणून मान हलवली. वाणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, सगळ्यांसमोर, सुप्रभाकडे बोट दाखवलं.

"ही तिची," ते म्हणाले. "आणि ती माझी."

तेवढ्यात तासाची वेळ झाली. शिपायाने दोरी धरली, पण सीतारामरावांनी ती त्याच्या हातून घेऊन वाणीच्या हाती दिली. वाणीने जोरात टोला दिला, गरजेपेक्षा बऱ्याच जोरात. आवाज व्हरांड्यातून फाटकापर्यंत गेला. सुप्रभाने डोळे पुसले, पुस्तकं उचलली आणि ती वर्गावर गेली.